नोट दिसली की तोड

मी बँडवाला आहे. हे वाक्य मी आयुष्यभर छाती पुढे काढून सांगितलं. हल्ली सोलापुरात एखाद्या कॉलेजच्या पोरासमोर ते उच्चारलं, की तो आधी माझ्या टकलाकडे बघतो, मग पोटाकडे, आणि विचारतो, ‘काका, कुठला बँड? धोटा?’

‘धोटा’ माझा नाही. माझा ‘जयविजय ब्रास बँड’, भवानी पेठ. लाल कोट, सोनेरी गोंडे. लग्न, मुंज, मिरवणूक, दुकानाचं उद्घाटन. ‘धोटा’ म्हणजे काळे टी-शर्ट घालून हार्ड रॉक वाजवणारी चार जणांची टोळी. नाव मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यावरून घेतलंय. कुठल्या कंपनीचा करार नाही, कुणी पाठीराखा नाही, कॅसेट-सीडीचा जमाना तर गेलाच. तरी त्यांची गाणी पोरांना पाठ आहेत. मी एवढी वर्षं गावभर वाजवत फिरलो, माझं एकही गाणं कुणाला पाठ नाही. कसं असणार? ती माझी नव्हतीच.

संपादकांनी मला धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्यात. लिहितो. पण माझी एक तक्रार आहे, आणि ती बाहेर पडल्याशिवाय मला गमती सुचत नाहीत.

आधी धंदा सांगतो. बँडची ऑर्डर घेण्याला आम्ही सुपारी घेणं म्हणतो. सुपारीला मी स्वतः जातो, मुलाला पाठवत नाही. पार्टीच्या घरी पहिल्यांदा बघायच्या त्या चपला. दारात चपला जास्त म्हणजे आत सल्ला देणारे जास्त, भाव पडणार. चहा येईपर्यंत भाव बोलायचा नाही, कारण आपला चहा प्यायलेल्या माणसाला लोक लवकर उठवत नाहीत. मग भाव सांगायचा, समोरच्याने डोक्याला हात लावायचा, मी उठायचं, आणि दारात जाऊन चप्पल शोधायला वेळ लावायचा. माझ्या निम्म्या सुपाऱ्या चप्पल शोधताना ठरल्यात. आणि एक नियम मी कधी मोडला नाही: पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं नाही. लगेच हो म्हटलं की माल स्वस्त वाटतो.

भाव ठरतो माणसांवर. एकवीस माणसांचा बँड म्हटलं की एकवीस कोट दिसले पाहिजेत. कोट एकवीसच असतात. त्यातले फुंकणारे किती, हे चांगल्या घरचे लोक विचारत नाहीत. दाट लग्नतिथीला सगळ्या गावात वाजवणाऱ्यांची ओढाताण असते, मग चार-पाच जण नुसतं वाद्य तोंडाला लावून गाल फुगवतात. हे सगळेच बँडवाले करतात. पकडला मात्र मी गेलो, आणि तोही माझ्याच मूळ गावात, करकंबला. तिथल्या एका ऊसवाल्या बागायतदाराच्या मुलाचं लग्न होतं. परण्या निघायचा होता. परण्या म्हणजे नवरदेवाची लग्नाआधीची मारुतीच्या देवळापर्यंतची मिरवणूक. आम्ही वाजवायला लागलो, तसा हा गृहस्थ रांगेतून चालत आला आणि एकेका वाद्याच्या तोंडापुढे तळहात धरत सुटला. वारं लागतंय का बघायला. चौथ्यापाशी थांबला.

‘ह्येचं इंजिन बंद हाय की.’

‘सर्दी झालीय त्याला,’ मी म्हणालो.

‘आन् ह्येला?’

‘त्याच्याकडनं लागली.’

‘आन् ह्यो मागचा?’

‘तो त्या दोघांच्याच खोलीत झोपतो.’

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग मांडवाकडे वळून ओरडला, ‘आरं, ह्या तिघांना काढा द्या. आन् ह्येंचं जेवान येगळं वाढा, सर्दी लागंल.’ माझी तीन माणसं लग्नाचं जेवण सोडून काढा पिऊन परतली. पुढे त्याच्या पुतण्याच्या लग्नाची सुपारीही मलाच मिळाली, हे लिहून ठेवतो.

आता मूळ मुद्दा. आमच्या धंद्यात गाणं कधी पूर्ण वाजत नाही. लोकांना हे लक्षातही येत नाही. मुखडा झाला, पहिलं कडवं सुरू झालं, की नाचणाऱ्यातला कुणी तरी नोट वर करतो. नोट वर झाली की त्याची फर्माईश. पाहुणा नवरीकडचा असो की नवऱ्याकडचा, नोट दिसली की चालू गाणं तोडायचं आणि त्याचं धरायचं. ह्याला आम्ही तोड म्हणतो. तोड साइड ड्रमवाला देतो. तो एक ठराविक फटकारा मारतो आणि त्या फटकाऱ्यावर सगळा बँड एकदम वळतो. तोड चुकली तर अर्धे ह्या गाण्यात, अर्धे त्या गाण्यात, आणि नवरदेवाचा घोडा बिथरतो. हल्ली नोटेच्या जागी मोबाइल वर करतात आणि ‘स्कॅन करा’ म्हणतात. दोन्ही हातांनी ट्रंपेट धरलेल्या माणसाने स्कॅन कशाने करायचं?

माझा साइड ड्रमवाला मल्लिनाथ. आम्ही मल्लू म्हणतो. अक्कलकोटकडचा. घरात कानडी, माझ्याशी मराठी. तोंडाने बोलणं कमीच. त्याच्यासारखी तोड देणारा मी जिल्ह्यात पाहिला नाही. हात ड्रमवर आणि डोळे गर्दीवर. खिशाकडे हात गेला की त्याला कळायचं, हा आता नोट काढणार. नोट पुरती वर होण्याआधी मल्लूची तोड पडलेली असायची. माझा बँड म्हणजे माझं ट्रंपेट आणि मल्लूची तोड, बाकी कोट.

भवानी पेठेत एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये ‘धोटा’वाले सराव करायचे. शेड गाणाऱ्या श्रीनूच्या आजोबांची, तेलुगू विणकराचं घर. गिटार वाजवते अस्मा, ती शेजारच्या गल्लीतली. तिसरा एक मुलगा आहे, तो जाड तारांची गिटार वाजवतो आणि कधीच काही बोलत नाही. त्यांचा ड्रमवाला नोकरी लागून पुण्याला गेला, सोलापूरची पोरं जातात तसा. मल्लू दुपारचा शेडवरून जाता-येता आत डोकावला, बसला, आणि हळूहळू तिथलाच झाला.

मला कळलं ते विडी वळणाऱ्या बायकांकडून. शेडच्या समोर ओट्यांवर बायका सुपं घेऊन विड्या वळत बसतात. त्यांनी आधी ह्या पोरांच्या आवाजाबद्दल तक्रार केली होती. एके दिवशी मी तिथून चाललो होतो, तर त्यांतली एक म्हणते, ‘मालक, आज तुमच्या मल्लूला का नाही सोडलं? चार वाजले, पोरं नुसती बसून आहेत.’ दुसरी म्हणाली, ‘त्याच्याशिवाय हात चालत नाही बघा आमचा.’ माझा बँड त्याच गल्लीत कैक वर्षं आहे. माझ्यामुळे कुणाचा हात चालल्याचं मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मल्लूच्या मागोमाग मी शेडमध्ये गेलो. हार्ड रॉक म्हणजे काय ते तिथं कळलं. गिटारीचा आवाज मुद्दाम फाडायचा. आमच्यात एखाद्याचा सूर फाटला की मी शिव्या घालतो. ह्यांच्यात फाटला की माना हलतात. आणि मधोमध मल्लू बसलेला, दोन्ही हातांनी ड्रम, एका पायाने ढोल. हा माणूस माझ्याकडे नुसता साइड ड्रम वाजवत होता, पायाचा ढोल कधी शिकला हे मला माहीत नव्हतं.

‘चाचा, खडे क्यूं? बैठो ना,’ अस्मा म्हणाली.

‘बसायला नाही आलो. माझा माणूस न्यायला आलोय.’

‘उनके बगैर ताल नै बैठता, चाचा.’

‘माझा बसतो काय?’

श्रीनू पुढे आला. ‘मामा, तुम्ही सांगाल तसं करू की.’

हे वाक्य ऐकल्यावर माझ्यातला व्यापारी जागा झाला. मी म्हणालो, ‘लग्नाची तिथी असेल त्या दिवशी मल्लू माझा. बाकी दिवस तुमचा. त्यात बदल नाही.’

‘चालतंय मामा.’

झालं. एक शब्द घासाघीस नाही. भाव न करता हो म्हणणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. रस्ताभर मला वाटत राहिलं, आपण कमी मागितलं.

मग त्यांचं नाव वाढायला लागलं. आधी शेडमध्ये मागांच्या सांगाड्यांवर बसून ऐकणारी आठ-दहा पोरं. मग इंजिनिअरिंग कॉलेज. मग बार्शी, मग लातूर. कुणाच्या भिंतीवर ‘धोटा’ लिहिलेलं, कुणाच्या रिक्षामागे. मी मुलाला मोबाइलवर दाखवायला सांगायचो आणि बघून चिडायचो. गाण्यापेक्षा मला चीड यायची ती ऐकणाऱ्यांची. सगळे त्यांच्याकडे तोंड करून उभे. ज्याने वरातीत वाजवलंय त्यालाच ह्यातलं दुखणं कळेल. आमच्यासमोर लोक पाठ करून नाचतात. बायका घोड्याकडे बघतात, म्हातारे जेवणाच्या मांडवाकडे. नवरदेव तर मोबाइलमध्ये. एवढ्या वर्षांत माझ्या तोंडाकडे बघत एक माणूस गप्प उभा राहिलाय, तो करकंबचा तळहातवाला.

आणि मग ह्या पोरांनी आपला सगळ्यांत मोठा कार्यक्रम ठरवला. एका कॉलेजचं सभागृह, तिकीट लावून, संध्याकाळी सहाला. तारीख ऐकून मी पंचांग उघडलं. ऐन दाट तिथी. नातेपुत्याची सुपारी मी केव्हाच घेऊन बसलो होतो, सकाळी परण्या आणि संध्याकाळी वरात.

‘पंचांग बघितलं नव्हतं?’ मी श्रीनूला विचारलं.

‘रविवार बघितला, मामा.’

अस्माने विचारलं, ‘तिथी की क्या जरूरत, चाचा? हमारे में किसकी शादी है?’

बँडवाल्यांनी पंचांग न बघता तारीख धरायची, ही चूक फक्त काळा टी-शर्ट घालणारे करू शकतात. मी म्हणालो, ठरलंय ते ठरलंय. मनातून मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

नातेपुत्यात परण्या झोकात झाला. अक्षता पडायच्या आधी मल्लू माझ्याजवळ आला.

‘मालक, अक्षता पडल्या की निगू का?’

‘आणि वरात कोण वाजवणार? तुझा आजा?’

‘धाकटा भाऊ वाजवंल की. शिकिवलंय त्येला. तोड बी येती.’

‘तिथीला तू माझा. ठरलं होतं का नव्हतं?’

‘व्हय. ठरलं हुतं.’

‘मग?’

त्याने ड्रमच्या काड्या काखेत मारल्या. म्हणाला, ‘एक डाव पुरं गाणं वाजवायचंय, मालक. लोकांसमोर.’

मी त्याला काय बोललो ते छापण्यासारखं नाही. मांडवातले पाहुणे वळून बघायला लागले एवढंच सांगतो. अक्षता पडल्या, आणि त्याने ड्रम पुसून भावाच्या गळ्यात अडकवला. कोट काढला, घडी घातली, माझ्या खुर्चीवर ठेवला, वाकून नमस्कार केला आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालत गेला.

मी जेवलो नाही, दुपार कलेपर्यंत मांडवात धुमसत बसलो. वरात क्लॅरिनेटवाल्या मास्तरांवर टाकली आणि गाडी काढली. आयुष्यात पहिल्यांदा सुपारी अर्धी सोडून निघालो. कशाला, तर त्याला कॉलरला धरून परत आणायला, असं मी वाटभर स्वतःला सांगत होतो. ट्रंपेट शेजारच्या सीटवर होतं. अंगात लाल कोट तसाच.

सभागृहाच्या दारात एका मुलाने अडवलं.

‘अंकल, लग्न पलीकडच्या कार्यालयात आहे.’

‘मी बँडवाला आहे.’

‘बँड आत वाजतोय, अंकल. तिकीट?’

मी विचारलं, ‘किती वेळ झाला सुरू होऊन?’

‘अर्धा झाला.’

‘मग अर्ध्या तिकिटाचे घे.’

तो गांगरला आणि त्याने घेतले. त्या दिवशी मला मिळालेलं यश तेवढंच.

आत गेलो, आणि जे बघायचं नव्हतं ते बघितलं. सगळं सभागृह उभं होतं आणि सगळी तोंडं एकाच बाजूला होती. मागावर दोन-दोन पाळ्या करणाऱ्या श्रीनूच्या आजोबांवरचं गाणं चालू होतं. शब्द पोरांच्या तोंडात श्रीनूच्या आधी येत होते. मग मधेच सगळं थांबलं आणि अस्माची एकटी गिटार बारीक वाजायला लागली. कुणी खोकलं नाही. कुणी मोबाइलवर बोललं नाही. आणि वर चौथऱ्यावर, उजेडात, मल्लू डोळे मिटून बसला होता. माझ्याकडे त्याने कधी डोळे मिटून वाजवलं नव्हतं. कसं वाजवणार? नोटा कोण बघणार?

गाणं पुन्हा उसळलं, मल्लूने डोळे उघडले, आणि माझा हात खिशात गेला. मी पाचशेची नोट काढली आणि हात ताणून वर धरली.

मला माहीत होतं काय होणार. हे त्या सभागृहात फक्त मला आणि त्याला माहीत होतं.

तोड पडली. तोच फटकारा, लख्ख. अस्माचा हात तारांवरून उचलला गेला, श्रीनू तोंड उघडं टाकून मागे वळला. आणि मल्लूने ठेका धरला, तो आमच्या परण्याचा. प्रत्येक लग्नात मी ज्या ठेक्यावर ट्रंपेट घेऊन शिरतो, तो. नुसता ड्रम. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. सभागृह गार. मला वाटलं, बुडाले. आणि मग मागून कुणी तरी त्या ठेक्यावर टाळी धरली. बघता बघता सगळ्यांनी धरली. मल्लूने आणखी थोडं वाजवलं, पुन्हा एक तोड दिली, आणि चौघेही गाण्यात परत कोसळले. पोरं वेडी झाली. शेजारच्या एका मुलाने मला मिठी मारली. ‘काका, काय तोडलं!’ तो म्हणाला. त्याला तोड हा शब्द कुठून कळला देव जाणे.

मी नोट खिशात घालून घरी आलो.

तेव्हापासून ‘धोटा’चा कार्यक्रम त्या तोडीशिवाय होत नाही. पोरं मुद्दाम नोटा वर करतात, रुमाल करतात, कॉलेजची ओळखपत्रं करतात. तोडीचे व्हिडिओ फिरतात. ती बघायला पुण्याची माणसं येतात. मल्लू दिवसा टॉवेलच्या कारखान्यात काम करतो आणि माझ्याकडे परत आला नाही. त्याचा कोट खुंटीला आहे. तो मी कुणाला घालू दिलेला नाही, कारण कुणाला बसतही नाही.

आता तक्रार अशी. ती तोड माझी आहे. धंदा माझा, ठेका माझा, नोटही माझी. मग नाव त्यांचं का? मी महिनाभर हे घोकलं आणि मागच्या पंधरवड्यात शेडमध्ये गेलो. चहा येईपर्यंत बोललो नाही. मग सांगितलं, ‘प्रत्येक कार्यक्रमात माझं नाव सांगायचं. तोड जयविजयच्या मालकांची, असं.’

‘सांगतो की मामा,’ श्रीनू म्हणाला.

पुन्हा तेच! माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवला, की तुम्हाला घासाघीस करता येत नाही, तुम्हाला किंमत कळत नाही, त्या दिवशी मी नोट दाखवली नसती तर तुम्हाला कोण विचारत होतं.

तेव्हा मल्लू बोलला.

‘मालक, मी नोट बगून तोडलं व्हय?’

‘मग कशाने तोडलंस?’

‘त्या उजेडात नोट कुटं दिसती? तुमचा कोट दिसला. मला वाटलं, मालक वाजवाय आल्यात. म्हणून परण्याचा ठेका धरला की. तुमी आत्ता शिरचाल, मग शिरचाल, म्हणून थांबलो. तुमी काय आलाच न्हाय.’

‘ट्रंपेट गाडीत होतं,’ मी म्हणालो.

‘मला काय म्हाईत? टाळ्या पडाय लागल्या, म्हणून परत फिरलो.’

अस्मा म्हणाली, ‘हर शो में उत्ती जगा खाली छोडते, चाचा. लोगां ताली से भर देते.’

समोरच्या ओट्यावर बायकांच्या कात्र्या विडीच्या पानांवर चालल्या होत्या. श्रीनूने चहाचे कप गोळा केले आणि पुढच्या कार्यक्रमाची तारीख सांगितली. ‘येता का मामा, वाजवायला?’

‘काळा टी-शर्ट घालणार नाही.’

‘लालइच पैनो, चाचा,’ अस्मा म्हणाली. ‘नै तो मल्लूभाई कू दिखता नै.’

‘आणि एकदा शिरलो की मधे तोडायचं नाही. कुणी कितीची नोट दाखवू दे. शेवटपर्यंत वाजवणार.’

‘चालतंय,’ श्रीनू म्हणाला.

मी बघतो म्हणालो आणि उठलो. दारात चप्पल शोधायला वेळ लावला. मल्लू मागून आला, वाकला आणि दोन्ही चपला माझ्या पायापुढे जोडून ठेवल्या. ‘हितं हाईत की, मालक.’

अजून मी हो म्हटलेलं नाही. पहिल्या विचारण्याला म्हणायचं नसतं. पण घरी येऊन पंचांग काढलं. ह्या पोरांनी ह्याही वेळी ते उघडलेलं नाही. ऐन दाट तिथीला कार्यक्रम ठेवलाय. तीन पार्ट्या येऊन गेल्या, एक तर करकंबची, मागाल तो भाव द्यायला तयार. मी तिघांनाही चहा पाजला आणि सांगितलं, त्या दिवशी बँड मोकळा नाही.